चौदाशे रुपयांची शांतता

बबनराव होडीचं इंजिन सर्व्हिसिंगला नेतात तेव्हा मुक्कामाच्या तयारीने जातात. पिशवीत भाकऱ्या, ठेचा आणि एक घोंगडी. घोंगडी इंजिनाला. वर्कशॉपमध्ये मेकॅनिकशेजारी स्टूल टाकून बसतात आणि त्याने पाना उचलला की विचारतात, "भूल न्हाई ना द्यावी लागायची?" दर वर्षी हाच विनोद. मेकॅनिक आता हसत नाही.

बबनराव माझे साडू. त्यांचं गाव डिंभे धरणाच्या पाण्याकाठी, मी अवसरी बुद्रुकचा. माझ्याकडे पिकअप आहे, म्हणून इंजिन पुण्यापलीकडे पोचवायचं काम माझ्याकडे. होडीच्या मागे अडकवायचं ते धूड चाळीस किलोचं. ते चढवताना माझी कंबर धरते, मग चाकणला गाडी अडकते, आणि बबनराव शेजारून सांगत असतात, "पावणं, खड्डा जपून. पेशंट हाय पाठीमागं."

धरणाला वळसा घालून रस्ता झाल्यापासून होडीत फारसं कुणी बसत नाही. सुट्टीत शहरातली मंडळी एखादी चक्कर मारतात, तेवढंच. वर्षाची कमाई साडेसात हजारांवर जात नाही. यंदा सर्व्हिसिंगचं बिल दहा हजार आठशे, माझं डिझेल वेगळं. शिवाय बबनराव एक दिवसाआड पलीकडच्या वाडीत थोरल्या बहिणीकडे जातात, ती बिनभाड्याची फेरी. मी ती नेहमी तोट्यात धरत आलो.

"इंजिन विका," मी दर वर्षी सांगतो. "अक्कांकडे मोटरसायकलवर जा."

"तुमी लई हुशार, पावणं," ते म्हणतात. त्यांच्याकडची ही सर्वांत मोठी शिवी.

यंदा एक पार्ट मिळेना, म्हणून दोन दिवसांचं काम चार दिवसांवर गेलं. बबनराव वर्कशॉपमध्येच झोपले. चौथ्या दिवशी मी आणायला गेलो, तर मेकॅनिक खुशीत. धुराच्या वाटेवरचं गॅस्केट कित्येक वर्षं जळकं होतं, ते त्याने आपणहून बदललं होतं. चौदाशे रुपये. पाण्याच्या पिंपात इंजिन चालू करून दाखवलं. शिलाई मशीन चालावं तसं चाललं.

"ह्याचा आवाज कुठं गेला?" बबनराव म्हणाले.

"कमी केला, काका. लोक त्याचे पैसे देतात."

"म्या कुठं सांगितलं व्हतं?"

मी दमलो होतो. पैसे मोजले आणि त्यांना गाडीत बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याबरोबर मीही पलीकडे निघालो. होडीत प्रथमच एकमेकांचं बोलणं ऐकू येत होतं. मी तसं म्हणालो. बबनराव इंजिनाकडेच बघत होते.

अक्का ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांची नजर जवळजवळ गेलेली आहे. मुलगा भोसरीला असतो, वाडीत मोबाईलला रेंज नाही. होडी काठाला लागली, आम्ही चढून वर आलो, त्यांच्यासमोर उभे राहिलो, तरी त्या शेंगाच फोडत होत्या.

"अक्का," बबनराव म्हणाले.

त्या दचकल्या. सूप कलंडलं. "कोन? बबन? कसा आलास तू?"

"होडीनं."

"होडी न्हाई वाजली." त्यांनी चाचपून भावाची बाही धरली. "चार दिस झालं, न्हाई वाजली. म्हनलं, आता..."

"इंजान दवाखान्यात व्हतं," बबनराव म्हणाले. या वेळी तो विनोद नव्हता.

परतताना अर्ध्या पाण्यात मी म्हटलं, "एक भोंगा बसवू. चारशे रुपयांत होईल."

"भोंगा कुनाचा बी आसतो," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात आम्ही इंजिन पुन्हा पिकअपमध्ये चढवलं.

जुनं गॅस्केट मेकॅनिकने फेकून दिलं होतं. चांगलं इंजिन बिघडवायचं कशासाठी, हे त्याला कळेना. पहिला आवाज कसा होता, तेही त्याला आठवेना. तेव्हा बबनराव वर्कशॉपच्या मधोमध उभे राहिले, डोळे मिटले आणि तोंडाने सुरू झाले. फड् फड् फडाट्. फड् फड् फडाट्. मधेच थांबून म्हणाले, "हितं एक ठोका चुकतो. त्यो बी पायजे." गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मी आधी रस्त्याकडे तोंड केलं, मग तसंच उभं राहवेना, म्हणून त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो.

मेकॅनिकने पाना खाली ठेवला. "काका, किती लांबून ऐकू यायला पाहिजे?"

बबनरावांनी डोळे उघडले.

"अक्कानं चूल पेटवायची, च्या टाकायचा, काठी हुडकायची आन् सावकाश उतरून पाण्यापत्तुर यायचं," ते म्हणाले. "तेवढ्या लांबून."