मानद लस

विद्यापीठातील विद्यार्थी व कर्मचारी यांना यंदा फ्लू होऊ नये, असे विद्यापीठाने ठरवले. ठराव एकमताने मंजूर झाला. फ्लूचे मत कुणी विचारले नाही. तो मात्र बैठकीला वेळेवर हजर होता, परीक्षा विभागाच्या प्रमुखांच्या नाकात.

लसीकरणाचे शिबिर मोठ्या सभागृहात भरवायचे ठरले. लस टोचायला खरे तर एक सुई लागते आणि एक दंड. पण शिबिर म्हटले की उद्घाटन आले, उद्घाटन म्हटले की कुलगुरू आले, आणि कुलगुरूंच्या आधी कुणाच्या दंडाला सुई लागणे हा शिष्टाचाराचा भंग ठरला. पहिली लस कुलगुरूंना, मग कुलसचिवांना, मग अधिष्ठात्यांना. अशी ज्येष्ठतेच्या पायऱ्या उतरत उतरत ती खाली यायची होती.

सगळ्यांत खालच्या पायरीवर काचकाका होते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नळ्या, चंबू आणि बरण्या धुण्यात त्यांची उमर गेली, म्हणून हे नाव. त्यांच्या लेकीला मुलगी झाली होती. बाळ वेळेआधीच आलेले, उमलायच्या आत खुडल्यासारखे. डॉक्टरांनी बजावले होते, की लस घेतल्याशिवाय कुणी बाळाला हात लावायचा नाही. बाळाच्या आजीने लस घेतली, जावयानेही घेतली.

"बाबा, तुम्ही कधी घेताय?" लेकीने विचारले.

"आमच्याकडे सोमवारी शिबिरच आहे की! एवढं मोठं विद्यापीठ, तिथं काय कमी आहे?"

"तोवर हात मागे ठेवायचे. लाडीगोडी चालणार नाही."

काकांनी हात मागे बांधले आणि दारातून बाळ पाहिले. काच धुताना ते मनाशी एक ओवी जुळवू लागले:

*धुतल्या काचेत गं, चांदणं भरून ठेवू…*

दुसरी ओळ काही सुचेना. बाळ मांडीवर आले की सुचेल, म्हणून त्यांनी ती राखून ठेवली.

सोमवारी सभागृह गच्च भरले. विद्यार्थी आले होते, कारण हजेरी लागणार होती. प्राध्यापक आले होते, कारण न आलेले दिसतात. खिडक्यांतून येणारा उजेड फोटोत नीट येत नाही, असे छायाचित्रकाराने सांगितल्यावर खिडक्या लावून घेण्यात आल्या. मग सगळे कुलगुरूंची वाट पाहत बसले. मागच्या कोपऱ्यात एक खोकला उठला. त्याला डावीकडून उत्तर आले, मग उजवीकडून, आणि बघता बघता सवाल-जवाब रंगले. जेवणाची वेळ टळून गेल्यावर निरोप आला, की कुलगुरू आरोग्यविषयक बैठकीत अडकले आहेत, शिबिर गुरुवारी होईल. मंडळी एकमेकांचा श्वास घरी घेऊन गेली.

गुरुवारी कुलगुरू आले. डोळे लाल, गळ्याला मफलर, आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. त्यांनी आजार टाळण्यावर भाषण केले आणि मधोमध एक शिंक दिली. पहिल्या रांगेने तोंड पुसले नाही. पुसणे अनादराचे दिसले असते. टाळ्या झाल्या. सवयीने काकांनीही वाजवल्या.

मग कुलगुरू खुर्चीवर बसले. लस टोचायला आलेल्या सिस्टरने त्यांच्या कपाळाला हात लावला आणि सुई बाजूला ठेवली.

"सर, तुम्हाला चांगलाच ताप आहे. आज लस नको."

कुलसचिव पुढे झाले. "सिस्टर, अहो, उद्घाटन आहे!"

"उद्घाटनाला ताप चालत असेल. मला नाही चालत. यांना घरी जाऊन झोपू द्या आणि बाकीच्यांना पाठवा."

"बाकीच्यांना? कुलगुरूंच्या आधी?" कुलसचिवांचा चेहरा पडला. "म्हणजे शिपायाच्या अंगात लस आणि कुलगुरूंच्या अंगात नाही? उद्या वर काय तोंड दाखवू?"

"अहो साहेब, औषध आहे ते! मानद पदवी नाही!"

सिस्टर हे वैतागून बोलली. पण कुलसचिवांचा चेहरा उजळला. जे विद्यापीठ न शिकवता पदवी देऊ शकते, ते न टोचता लस का देऊ शकणार नाही? तिथल्या तिथे उभ्या उभ्या बैठक झाली आणि कुलगुरूंना मानद लस प्रदान करण्यात आली. दंडावर कापसाचा बोळा, छातीवर 'मी लस घेतली' असा निळा बिल्ला. फोटो फार सुंदर आला.

आता पुढचा पेच. कुलगुरूंना जे मिळाले त्याहून अधिक कनिष्ठांना कसे द्यायचे? ते समानतेच्या आणि ज्येष्ठतेच्या, दोन्ही तत्त्वांच्या विरुद्ध होते. तेव्हा सर्वांनाच मानद लस देण्यात आली. रांग भराभर सरकली. सुई नाही म्हणून विद्यार्थी खूश, वेळ वाचला म्हणून प्राध्यापक खूश. सिस्टर लशीच्या पेटीवर हात ठेवून बसून राहिली. काकांच्या दंडाला कापूस लागला, छातीला बिल्ला लागला, आणि त्यांच्या तोंडून "थँक्यू" निघून गेले.

सभागृह रिकामे झाल्यावर ते हळूच सिस्टरकडे आले.

"सिस्टर, मला खरी द्या हो. घरी नात आहे, एवढीशी. हातात घ्यायचंय."

"या काका, बाही वर करा. कोण अडवतंय बघू." तिने दंड धरला आणि थबकली. "अंग तापलंय तुमचं. खोकला कधीपासून?"

"सोमवारी इथं बसलो होतो, त्यानंतर जरा…"

"मग आज नाही देता येत. बरे झालात की घ्या."

"तेव्हा शिबिर असेल?"

"आता कशाला असेल? आजच यशस्वी झालं ना!"

संध्याकाळी काका घरी पोचले. दार उघडताच लेकीला निळा बिल्ला दिसला.

"अगं बाई, घेतलीत! या, या. बघ गं, कोण आलं? आजोबा आले!" आणि तिने बाळ पुढे केले.

काकांचे हात आपोआप उठले. दुपट्यातून दुधाचा वास आला. चिमुकली मूठ हवेत उघडली, मिटली. काकांनी हात मागे घेतले, बिल्ला काढला आणि दाराबाहेर पायरीवर जाऊन बसले.

"काय झालं बाबा? रुसलात की काय?"

"मानद आहे गं ही."

"म्हणजे?"

"म्हणजे नुसता कापूस. दार लोटून घे. मला ताप आहे."

दाराआड बाळ रडू लागले. तेव्हा राखून ठेवलेली ओळ काकांना सुचली, मांडीशिवायच:

*धुतल्या काचेत गं, चांदणं भरून ठेवू*
*उंबऱ्याच्या अल्याड गं, दुरून पाहून घेऊ*

पुढच्या आठवड्यात निम्मे विद्यापीठ अंथरुणाला खिळले. रजेचे अर्ज नामंजूर झाले, कारण सर्वांना लस दिलेली असल्याने फ्लू होणे शक्य नव्हते. शिबिर आदर्श ठरले, आणि इतर विद्यापीठे ते पाहायला येणार असल्याचे कळते.

तुम्ही म्हणाल, एवढ्या शिकलेल्या माणसांतून एकही कसा उठून बोलला नाही? आम्हीही तेच विचारणार होतो. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, तुम्हीच होतात ना? टाळ्या छान वाजवल्यात. बिल्लाही तुम्हाला शोभून दिसत होता. फक्त एवढेच सांगा: त्या संध्याकाळी घरी गेल्यावर तुम्ही कुणाला उचलून घेतलेत?