घड्याळजींचा खांदा

दुकानाचं शटर वर ओढताना घड्याळजींच्या उजव्या खांद्यातून अशी कळ निघाली की शटर अर्ध्यावरच राहिलं. ते वाकून आत शिरले आणि दुपारी वाकूनच घरी आले.

"माझी डायक्लोफेनॅक घ्या," बायको म्हणाली. "गुडघ्याची सूज दोन दिवसांत उतरली माझी."

त्यांनी घेतली. शेजारचा शिंपी म्हणाला, "छे! आयबुप्रोफेन. ताप असो, दाढ असो, पाठ असो, मी हीच घेतो." तीही घेतली. संध्याकाळी ताई आल्या. ताई म्हणजे थोरली बहीण. यजमान गेल्यापासून वर्षभर त्यांनी घराचा उंबरा ओलांडला नव्हता. भावासाठी दोन मजले चढून आल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, "संधिवातावरची माझी नॅप्रोक्सेन आणलीय. माझ्यादेखत घे."

आता ताईंना नाही कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं विचारलं, "फरक वाटतोय ना?" घड्याळजींनी प्रत्येकाला एकेकटं गाठून सांगितलं, "तुमच्याच गोळीनं!" झालं. खूश होऊन तिघांनीही त्यांना सकाळ-संध्याकाळ आपापल्या गोळीचा खुराक सुरू केला. पाचव्या दिवशी घड्याळजी खांदा विसरले आणि पोट धरून बसले. आत नुसती आग!

तिघंही त्यांना घेऊन दवाखान्यात गेली.

"काही औषध चालू आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

घड्याळजी पंख्याकडे बघू लागले. टेबलावर मात्र तीन बाजूंनी तीन पाकिटं एकदमच पुढे आली.

"म्हणजे? माझ्याच गोळीनं बरं वाटलं म्हणालात ना?" शिंपी म्हणाला.

"मला म्हणाला तो!" ताई कडाडल्या. बायकोनं आपलं पाकीट उचलून पर्समध्ये कोंबलं. ते जास्त वाईट होतं.

"अहो, नावं तीन, पण घराणं एकच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुखणं, सूज, ताप, सगळ्यांवर चालतात. पण एका वेळी एकच, तीही विचारून, भरल्या पोटी. तिन्ही एकदम घेतल्यात तर पोटाला जखम होते, मूत्रपिंडावर ताण येतो. वेळेवर आलात."

त्यांनी तिन्ही गोळ्या बंद केल्या, तपासण्या लिहिल्या, पोटाचं औषध दिलं. खांद्यासाठी व्यायाम सांगितला: भिंतीवर बोटं टेकवून हात हळूहळू वर न्यायचा, रोज वीसदा. "कुणीतरी समोर बसून मोजा. हे गृहस्थ खरं सांगत नाहीत."

"मी मोजीन," ताई म्हणाल्या.

त्या रोज पाच वाजता येऊ लागल्या. मोजता मोजता गप्पांत आकडा चुकायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात व्हायची. मग चहा, मग गच्चीवर दोन फेऱ्या.

महिन्याभरानं बायकोनं पाहिलं, घड्याळजी फळीवरचा जड डबा उजव्या हातानं अलगद खाली काढत होते.

"कधीपासून बरा आहे हो खांदा?"

घड्याळजी ओशाळले. "पंधरा दिवस झाले. पण सांगितलं तर ताई यायची थांबेल."

बायको काही बोलणार इतक्यात जिन्यात पावलं वाजली.

"डबा द्या इकडे," ती घाईनं कुजबुजली, "आणि जरा कण्हा."