पंचमीचा पाना

नागपंचमीच्या सकाळी सांबप्पा ओसरीवर औजारांची पेटी उघडून बसला होता आणि त्याची बायको गंगम्मा चुलीपुढे पुरण शिजवता शिजवता रस्त्याकडे कान लावून होती. दोघांचेही जीव टांगणीला लागलेले, पण खुंट्या वेगळ्या. श्रावणातल्या ओलाव्यानं औजारांना गंज चढेल अशी सांबप्पाला धास्ती होती. गंगम्माला धास्ती होती, की चार वर्षांनी येणारा भाऊ अर्ध्या वाटेतून माघारी फिरेल.

सांबप्पाचं झरी गावात कापडाचं दुकान होतं, पण जीव सगळा लोखंडात. परभणीला माल भरायला जायचा तो धोतरजोड्यांबरोबर एखादी पक्कड घेऊनच यायचा. औजार निवडण्याची त्याची रीत ठरलेली होती. आधी ते दगडावर हलकेच वाजवून कानाशी धरायचं, मग त्याचा जबडा मिटून उन्हाकडे रोखायचा. फटीतून उजेडाची रेघ दिसली की माल परत. एकदा दुकानदार वैतागून म्हणाला होता, "शेटजी, औजार घ्यायलाव का नवरी बघायलाव?"

"नवरी घरात आली की बदलता येत न्हाई, म्हनून लोक बघून घेत्यात," सांबप्पा म्हणाला, "मला औजार बी बदलायचं न्हाई."

अशी पारखून पारखून त्यानं पेटी भरली होती. हैदराबादहून मागवलेली कानस होती, रेल्वेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या मिनतवाऱ्या करून मिळवलेली हातोडी होती, पितळी मुठीचा पेचकस होता. आणि सगळ्यांचा राजा म्हणजे जर्मनीचा सरकता पाना. त्याचा जबडा बारक्या चाकीनं हवा तेवढा लहानमोठा व्हायचा. जर्मनीशी लढाई जुंपल्यापासून तसला माल बाजारात दिसेनासा झाला होता. लढाईत कोण जिंकतंय याच्याशी सांबप्पाला देणंघेणं नव्हतं. दुसरा पाना मिळणार नाही, एवढाच त्याला लढाईचा अर्थ कळला होता.

एकेक औजार तेल चोळून मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. वापर म्हणाल तर शून्य. घरात खिळा ठोकायचा तर गंगम्मा वरवंटा घ्यायची, पेच फिरवायचा तर उलथन्याची कड. बाजेचा नट ढिला झाला तेव्हा सांबप्पानं तो काथ्यानं करकचून बांधला होता. पान्यानं आवळला असता तर पान्याचे कोपरे झिजले असते ना!

याच पान्यानं गंगम्माचं माहेर तोडलं होतं. तिचा भाऊ बसप्पा पेडगावचा धान्याचा व्यापारी. आईबाप गेल्यावर तिचं माहेर म्हणजे बसप्पा एवढंच उरलं होतं. चार वर्षांमागे असाच पंचमीला तो नव्या कोऱ्या सायकलवर आला आणि जाताना चाकाचा नट ढिला झाला म्हणून त्यानं पाना मागितला. बाहेर भुरभुर पाऊस होता.

"आत्ता? ह्या हवंत?" सांबप्पा म्हणाला होता, "गंज धरंल. ऊन पडू द्या, मंग बघू."

बसप्पा तसाच निघाला. गावच्या ओढ्यात, बाजारातून परतणाऱ्या लोकांच्या देखत चाक एकीकडे गेलं आणि बसप्पा दुसरीकडे. आमच्या भागातली काळी माती माणसाला एकदा कवेत घेतलं, की सोडायला तयार होत नाही. बैलांच्या दाव्यानं त्याला बाहेर ओढावं लागलं. त्या दिवसापासून बसप्पानं झरीची पायरी चढली नव्हती. दर पंचमीला बाकीच्या बायका भावाची वाट बघत झोके घ्यायच्या, गीतं म्हणायच्या. गंगम्मा मात्र डोक्यावर पदर ओढून घरातच काम काढून बसायची.

या वर्षी तिनं निरोपावर निरोप धाडले होते. आणि उन्हं वर आली तशी खरोखरच सायकलची घंटी वाजली. बसप्पा आला, पण ओसरीच्या अगदी कडेला बसला. सांबप्पाशी तो थेट बोलेना. जे काही बोलायचं ते मधल्या खांबाशी बोलला.

"वाटंत चिखल लय हाय," त्यानं खांबाला सांगितलं.

"असनारच. सरावन हाय," खांबाच्या वतीनं सांबप्पा म्हणाला.

बसप्पानं पिशवीतून पितळेची, पेचाच्या झाकणाची डबी काढून कोनाड्यात ठेवली. तिच्यात मठातल्या स्वामींच्या हातची विभूती होती. ती कपाळाला लावल्याशिवाय तो लिंगपूजेला बसत नसे आणि पूजेशिवाय पाण्याचा थेंबही घेत नसे. तो न्हायला गेला तशी गंगम्मा पुरणाचे हात घेऊनच बाहेर आली. "अगं बाई, डबी किती काळी पडली! जरा चिंचंनं घासते," म्हणत ती डबी आत घेऊन गेली आणि बसप्पा पाटावर येऊन बसायच्या आत लखलखीत करून घेऊनही आली.

बसप्पानं झाकण फिरवलं. झाकण जागचं हललं नाही. त्यानं दातओठ खाल्ले. झाकण ढिम्म.

"हात ओला आसंल," सांबप्पाची आई शिवम्मा म्हणाली, "उपरन्यानं धर."

उपरण्यानं धरून झालं, दाराच्या फटीत अडकवून झालं, शेजारच्या लिंबाजीला बोलावून झालं. लिंबाजी आखाड्यातला गडी. त्यानं जोर केला, त्याच्या सदऱ्याची बाही उसवली, डबी तशीच. सांबप्पानं घरातली विभूती पुढे केली, तर बसप्पा खांबाला म्हणाला, "दुसरी चालत न्हाई."

"पुरनाच्या दिंडाच्या वाफंवर धर की गं घडीभर," शिवम्मानं सुनेला सुचवलं, "पितळ फुगतंय."

"नको नको, आत्याबाई!" गंगम्मा एकदम म्हणाली, "इभूतीला वाफ लागली तर गोळा व्हईल."

दुपार कलली. वाफवलेली दिंडं गार झाली, तूप थिजलं. पाव्हणा उपाशी म्हणून घर उपाशी. शेवटी बसप्पा उठला आणि त्यानं पिशवी काखेला मारली.

"गंगू, येतो मी. माझ्या नशिबात ह्या घरचं अन्न न्हाई."

गंगम्मा उंबऱ्यात बसली आणि तिनं पदर डोळ्याला लावला. सांबप्पाला बायकोची बडबड ऐकायची सवय होती. तिचं हे गप्प बसणं त्याच्या काळजात घुसलं. मधल्या तिन्ही पंचम्यांना ही अशीच बसली असेल आणि आपण तेव्हा पलीकडे कानस पुसत होतो, हे त्याला आज पहिल्यांदा दिसलं. तो तडक उठला आणि पेटी घेऊन आला.

"थांबा पाव्हणं," तो म्हणाला, "ही औजारं कशाला हायत मंग?"

"सांबा!" शिवम्मा कडाडली, "आज पंचमी हाय! कापायचं न्हाई, चिरायचं न्हाई, टोचायचं न्हाई. घरात इळी सुदा झाकून ठिवलीया आन् तू पेटी उगडायलास?"

मग ओसरीवर औजारांची झडती सुरू झाली. सांबप्पा फडकं उलगडून एकेक पुढे करी आणि शिवम्मा निवाडा देई. करवत तर बघताक्षणीच आत गेली. छिन्नी चिरते म्हणून आत, पेचकसाला टोक म्हणून आत.

"हातोडी?"

"ठोकशील तर भुईतला जीव दचकंल. ठेव."

"ही कानस. ही निस्ती घासती."

"अंगावर खवलं हायत तिच्या. मला तर तीच नागीन दिसायली."

पक्कड पाहून शिवम्माही घटकाभर विचारात पडली. पण पकडीच्या मुळाशी तार तोडायची धार निघाली आणि तिचीही बोळवण झाली. तळाशी एकच फडकं उरलं. सांबप्पानं ते हलकेच उलगडलं.

"हे काय करतं?" शिवम्मानं विचारलं.

"धरतं आन् फिरवतं. बस्स."

"काही तोडत न्हाई?"

"तोडतं की," बसप्पा खांबाला म्हणाला, "सोयरीक तोडतं."

सांबप्पा ते ऐकून घेऊन खाली बसला. बसप्पानं डबी दोन्ही हातांनी दाबून धरली, सांबप्पानं झाकणाला पाना लावला. पण पान्याला ओरखडा उमटू नये म्हणून त्यानं मध्ये फडकं घातलं होतं, त्यामुळे पाना सारखा घसरायचा.

"फडकं काडा, दाजी!" बसप्पा ओरडला. खांब मध्ये न घेता तो चार वर्षांत पहिल्यांदाच बोलला होता.

सांबप्पानं डोळे मिटून फडकं काढलं.

"उलटं फिरवायलाव!"

"गपा की. औजार माझं हाय!"

"डबी माझी हाय!"

दोघं घामाघूम झाले, तरी झाकण हलेना. सांबप्पाचे हात कापड मोजणाऱ्याचे. धान्याची पोती उचलणाऱ्या बसप्पाचं मनगट दुप्पट होतं. सांबप्पानं पान्याकडे एकदा पाहिलं, उंबऱ्यातल्या गंगम्माकडे एकदा पाहिलं आणि पाना मेहुण्यापुढे धरला.

"घ्या. तुमीच फिरवा. मी डबी धरतो."

बसप्पानं पाना हातात घेतला. तोलून बघितला, आणि मनात नको नको म्हणत असतानाही त्याच्या तोंडून निघून गेलं, "वजन काय झ्याक हाय हो!" मग त्यानं असा काही हिसका दिला, की कर्र्र आवाज होऊन झाकण उडालं आणि निम्मीअधिक विभूती दोघांच्या तोंडावर आली. कपाळ, मिशा, भुवया, सगळं पांढरंफेक. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. आधी शिवम्मा हसली, मग ते दोघं, आणि उंबऱ्यातली गंगम्मा हसता हसता पुन्हा पदर डोळ्यांना लावू लागली.

पूजा झाली. बसप्पा दिंडांवर असा तुटून पडला, की गंगम्माला चूल पुन्हा पेटवावी लागली. निघताना सांबप्पानं आपणहून त्याची सायकल पाहिली. चाकाचा नट चार वर्षं सुतळीनं बांधलेला होता.

"हे काय पाव्हणं?"

"मी म्हनलं व्हतं, आवळला तर त्याच पान्यानं आवळीन," बसप्पा ओशाळून म्हणाला.

बाहेर भुरभुर सुरू झाली होती. सांबप्पानं आभाळाकडे पाहिलं, एक सुस्कारा सोडला आणि पाना बसप्पाच्या हातात दिला. बसप्पानं भर पावसात नट आवळला आणि पाना परत ओसरीवरच्या खांबाशी ठेवला. सायकल ओढ्यापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत घरातले सगळे दारात उभे होते.

दिवेलागणीला सांबप्पाला घाम फुटला. पाना पुसायचा राहिला! आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. तो कंदील घेऊन ओसरीवर धावला. पाना खांबाशी पडला होता आणि त्याच्या जबड्यावर काळ्या मुंग्यांची रांग लागली होती. सांबप्पा चक्रावला. तेलाला मुंग्या लागत नाहीत, लोखंडाला लागत नाहीत. त्यानं जबड्यातला चिकट तांबूस खडा नखानं काढला आणि जिभेला लावला.

गूळ. चांगला घट्ट आटवलेला पाक.

"गंगम्मा," त्यानं आत हाक मारली, "डबी चिंचंनं घासली व्हतीस न्हवं?"

आतली भांडी वाजायची थांबली. गंगम्मा दारात आली आणि खाली मान घालून उभी राहिली.

"देवाच्या डबीला गूळच लावला. माती न्हाई लावली," ती हळूच म्हणाली. "दादा आज जेवून गेला असता बी. पर त्येच्या मनातली आडी गेली नसती, आन् पुना आला नसता. तुमचा पाना त्येच्या हातात पडायला पायजे व्हता. आन् सरळ मागितला असता तर तुमी तो दिला असता व्हय?"

जबड्याच्या कडेला एक बारीक ओरखडा उमटला होता, त्याच्यावरून सांबप्पानं अंगठा फिरवला.

"फुडल्या पंचमीला डबीला गूळ लावू नको," तो शेवटी म्हणाला. "पेचाचे आटे खराब व्हत्यात. मी पाना आधीच ओसरीवर काडून ठिवतो."

गंगम्मा हसू दाबत आत गेली. सांबप्पानं फडकं आणलं, तेलाची बाटली आणली आणि पान्यापुढे मांडी घालून बसला. पण आज पंचमी, जीव मारायचा नाही. मुंग्यांचं खाऊन होईपर्यंत तो तसाच वाट बघत बसून राहिला.