वडाखालच्या हायस्कुलाचे अधिकृत फोटोग्राफर

एका जंगलात, मुलांनो, सगळे प्राणी सुखात होते, कारण कोणाकडेच कॅमेरा नव्हता.

मग भालचंद्रराव अस्वल निवृत्त झाले.

भालचंद्ररावांनी तेहतीस वर्षं मधाच्या कोठारात काढली होती. पोळं समोर आलं की त्यावर शिक्का मारायचा, एवढंच त्यांचं काम. निरोप समारंभात त्यांना शाल द्यायचं ठरलं होतं. पण अस्वलाने शाल घेऊन करायचं काय, असा प्रश्न ऐनवेळी कोणीतरी काढला. म्हणून त्यांना कॅमेरा दिला गेला.

त्याची लेन्स चांगली हातभर लांब होती. भालचंद्ररावांनी ती वर केली की समोरचे पक्षी फोटो काढायच्या आधीच उडून जायचे.

(ही गोष्ट सांगणाऱ्या काकांकडेही असाच एक कॅमेरा आहे. तो कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. तो तिथेच राहू द्या.)

पहिला महिनाभर भालचंद्ररावांनी दगडांचे फोटो काढले. दगड फार छान आले. मग अळंब्या, मग वारूळ, मग पत्नी कालिंदीबाई. कालिंदीबाई उंबरं निवडायला बसल्या होत्या. त्या उठेपर्यंत त्यांचे चाळीस फोटो झाले.

"अहो," कालिंदीबाई म्हणाल्या, "बाहेर जा. जे हलतं त्याचे फोटो काढा. मी आता हलणारही नाही आणि हसणारही नाही."

भालचंद्ररावांनी ते मनावर घेतलं. मनावर घ्यायची त्यांना सवयच होती.

जंगलात वडाखाली एक हायस्कूल होतं. गजराबाई हत्तीण तिथल्या मुख्याध्यापिका. भालचंद्रराव त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "तुमच्या मुलांच्या सामन्यांचे फोटो मी काढीन. मला काही नको. फक्त कला."

गजराबाईंना कलेशी काही घेणंदेणं नव्हतं, पण 'काही नको' हे त्यांना आवडलं. त्यांनी पळसाच्या पानावर 'अधिकृत' असं लिहून ते भालचंद्ररावांच्या छातीवर लावलं. त्या दिवशी भालचंद्रराव घरी लांबच्या वाटेने गेले.

पहिला सामना खो-खोचा होता. तुम्ही खो-खो खेळला असालच. एक पळतो, दुसरा त्याला शिवायला धावतो, आणि डोळा मिटून उघडेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. वडाखालच्या संघाचा कर्णधार होता वेगेश ससा. तो पळायला लागला की त्याचे कान त्याच्या थोडे मागून यायचे.

भालचंद्ररावांनी वेगेशला पाहिलं. लेन्स वळवली. श्वास रोखला. बटण दाबलं. तोवर वेगेश बाद होऊन, पाणी पिऊन परत आला होता.

दुसऱ्या दिवशी फोटो शाळेच्या फळ्यावर लागले. एकात नुसतं गवत होतं. एकात पंचांची पाठ होती. एकात कोणाची तरी शेपटी होती, पण ती कोणीच आपली म्हणेना. अकरा फोटो मैदानातल्या खांबाचे होते. खांब मात्र सुरेख आला होता.

"माझा वेगेश कुठंय यात?" वेगेशच्या आईने विचारलं.

"हा काय," भालचंद्रराव म्हणाले. "मी गती दाखवली आहे."

"हा धुरळा आहे."

"धुरळ्याच्या आत आहे तो."

वेगेशच्या आईने धुरळ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग अस्वलाकडे पाहिलं. मग ती गेली.

भालचंद्रराव घरी येऊन लेन्स पुसत बसले. लेन्स स्वच्छच होती. त्यांना मनातून ठाऊक होतं, की डोळ्याने बघायचं, डोक्याला कळवायचं आणि डोक्याने बोटाला सांगायचं, एवढं होईतो खेळ पुढे गेलेला असतो. तेहतीस वर्षांत एकही पोळं त्यांच्या शिक्क्याखालून पळालं नव्हतं. पण हे ते कोणाजवळ बोलले नाहीत. पुढच्या सामन्याला त्यांनी छातीवरचं पान जरा वर लावलं.

आणि त्या सामन्यात त्यांना जल्लोष-पथक सापडलं.

तुमच्याकडे त्यांना चिअरलीडर म्हणतात. वडाखालच्या शाळेत आठ खारींचं पथक होतं. त्यांच्या हातात सावरीच्या कापसाचे गोंडे असायचे. शेवंती नावाची खार पुढे उभी राहायची आणि ओरडायची, "एक! दोन! तीन!" मग आठही जणी एकदम हवेत उडायच्या आणि म्हणायच्या, "वड! वड! आमचा वड!"

भालचंद्ररावांच्या लक्षात आलं, की या मुली उडण्याआधी मोजतात.

एक. त्यांनी लेन्स वर केली. दोन. श्वास रोखला. तीन. बटण दाबलं.

आठ खारी हवेत. आठ शेपट्या वर. सोळा गोंडे. प्रत्येकीची मिशी न् मिशी मोजून घ्यावी. भालचंद्ररावांनी कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत तो फोटो पाहिला आणि त्यांच्या अंगावरचे केस उभे राहिले. अस्वलाच्या बाबतीत ही मोठीच घटना असते. शेजारी बसलेली मंडळी दोन हात सरकली.

त्यानंतर फळ्यावर पंधरा फोटो लागले. चौदा जल्लोष-पथकाचे. पंधरावा खांबाचा होता, जुन्या ओळखीखातर.

जंगलात चतुराबाई कोल्हीण राहायच्या. त्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सामना मैदानात. यांची लेन्स मात्र पोरींवर. मी काही म्हणत नाही हो."

चतुराबाई काही म्हणाल्या नाहीत की संध्याकाळपर्यंत सगळं जंगल तेच म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी भालचंद्रराव पाणवठ्यावर गेले, तर आयांनी आपापली पिल्लं उचलली. एका घोरपडीने त्यांच्या नमस्काराला उत्तर दिलं नाही. गजराबाईंनी निरोप पाठवला, 'शुक्रवारी पालकसभा आहे. येऊन काय ते उत्तर द्या.'

"सांगून टाका ना," कालिंदीबाई म्हणाल्या. "पळणाऱ्याचा फोटो मला जमत नाही, म्हणून उड्या मारणाऱ्यांचा काढला. संपलं."

"असं कसं सांगू?"

"मग काय सांगणार आहात?"

"म्हणेन, कलावंताची नजर वेगळी असते."

"तसं म्हणालात तर मारतील," कालिंदीबाई म्हणाल्या.

भालचंद्ररावांनी दोन दिवस विचार केला. आता मी तुम्हाला त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगतो, पण ती बाहेर बोलू नका. वाईट चालीचं अस्वल म्हणवून घेणं त्यांना कसंबसं सोसवत होतं. वाईट फोटोग्राफर म्हणवून घेणं सोसवत नव्हतं. हे स्वतःलाही कळू नये म्हणून ते पुन्हापुन्हा लेन्स पुसत होते.

गुरुवारी दुपारी शेवंती आली. तिची आई लांब निवडुंगापाशी थांबली होती. शेवंतीच्या हातात भालचंद्ररावांनी तिला दिलेला तिचा फोटो होता.

"काका, आई म्हणते, परत कर."

"ठेव की. तुझाच आहे."

"नको. आमचं पथकच बंद करणार आहेत." शेवंतीने फोटो दारातल्या दगडावर ठेवला, पण हात लगेच काढला नाही. "यात माझे चारही पाय वर आहेत, काका. मी एवढी उंच उडते हे मला माहीतच नव्हतं."

"शेवंते!" आईने हाक मारली. शेवंती गेली.

भालचंद्रराव त्या दगडाजवळ बराच वेळ बसून राहिले. लेन्स पुसायची त्यांना आठवण झाली नाही.

शुक्रवारी सगळं जंगल वडाखाली जमलं. भालचंद्रराव उभे राहिले. त्यांनी छातीवरचं पान सरळ केलं.

"मंडळी," ते म्हणाले, "मी अस्वल वाईट नाही. मी फोटोग्राफर वाईट आहे. धावणाऱ्याचा फोटो मला काढता येत नाही. कधीच आला नाही. ती गती नव्हती. तो धुरळाच होता. या मुली तीन म्हणून उडतात, म्हणून तेवढ्या मला सापडतात. पथक बंद करू नका. बंद करायचंच तर मला करा."



"पुरावा?" चतुराबाईंनी विचारलं.

मग तिथेच परीक्षा झाली. वेगेश दहा वेळा समोरून पळाला. भालचंद्ररावांनी दहा वेळा बटण दाबलं. कॅमेरा सभेत फिरवला गेला. गवत, गवत, आभाळ, स्वतःचा पंजा, गवत, चतुराबाईंचा कान. पुढचे चार पाहायची कोणाची इच्छा राहिली नाही. खात्रीसाठी एका कासवाला समोरून चालायला सांगितलं. कासवाची फक्त शेपटी आली.

सभेत एकच हशा पिकला. भालचंद्रराव मान खाली घालून उभे होते. हसण्याचा आवाज आपल्या अंगावरून पाण्यासारखा वाहतोय आणि आपण काही वाहून गेलो नाही, याचं त्यांना नवल वाटत होतं.

शेवंतीची आई पुढे आली. तिचे डोळे भरले होते. "भाऊजी, माफ करा," ती म्हणाली. "तुम्ही इतके वाईट असाल असं आम्हाला वाटलंच नव्हतं."

भालचंद्ररावांनी छातीवरचं पान काढलं आणि गजराबाईंपुढे ठेवलं.

इथेच गोष्ट संपली असती, तर ती तुमच्या पाठ्यपुस्तकात आली असती. पण गजराबाईंनी पान उचललं आणि पुन्हा त्यांच्या छातीवर लावलं.

"राजीनामा कसला देता?" त्या म्हणाल्या. "इतका खरं बोलणारा फोटोग्राफर आम्हाला कुठे मिळणार? चूक तुमची नाही. आमची मुलं उगाच फार भराभर खेळतात."

पालकांनी माना डोलावल्या. वेगेशच्या आईने तर टाळ्या वाजवल्या. तिच्याकडे अजून लेकाचा एकही फोटो नव्हता. ठराव झाला, की यापुढे वडाखालच्या खेळाडूंनी गड्याला शिवण्याआधी थांबावं, लेन्सकडे बघावं, तीनपर्यंत मोजावं आणि मगच शिवावं.

"अहो, पण..." भालचंद्रराव म्हणाले. त्यांचं 'पण' टाळ्यांत बुडालं.

अंतिम सामना नदीपलीकडच्या शाळेशी होता. त्यांची कर्णधार तुळसा नावाची मुंगसाची पोर होती. वेगेशने तिला दोन उड्यांत गाठलं. हात पुढे केला. थांबला. लेन्सकडे वळून हसला. "एक, दोन, तीन," म्हणाला. तोवर तुळसा दुसऱ्या खांबापाशी पोहोचून त्याची वाट बघत होती.

असं सगळा वेळ चाललं. भालचंद्रराव लेन्समागून ओरडत होते, "अरे, शिव तिला! माझ्याकडे काय बघतोस?" वेगेशला वाटलं, काका अजून हसायला सांगतायत. तो अजून हसला.

वडाखालचं हायस्कूल इतक्या गुणांनी हरलं, की पंचांना आकडा सांगायला लाज वाटली.

पण फोटो! काय सांगू तुम्हाला! प्रत्येक खेळाडू स्वच्छ, हसरा, हात पुढे केलेला. गजराबाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पराक्रमाचे क्षण'. पालकांची झुंबड उडाली.

"पण आई, आपण हरलो," वेगेश म्हणाला.

"असू दे रे. इथे बघ कसा दिसतोयस."

वेगेशने पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग कान सरळ करून म्हणाला, "हो की."

चतुराबाईही आल्या. "मी काही म्हणत नाही," त्या म्हणाल्या, "पण माझी डावी बाजू बरी आहे."

मैदान रिकामं झालं. भालचंद्रराव कॅमेरा आवरत होते. मैदानाच्या त्या टोकाला जिंकलेला संघ ढाल घेऊन बसला होता. त्यांच्याकडे कोणी फिरकलं नव्हतं. तुळसा उठून आली.

"काका, आमचा एक काढता का? आमच्या शाळेत कॅमेरा नाही."

भालचंद्ररावांनी त्यांना रांगेत उभं केलं. ढाल मधोमध धरायला लावली. "हलू नका हं," ते म्हणाले.

"नाही हलत, काका."

ती पोरं घटकाभर खरंच हलली नाहीत. मग कडेचं एक साळिंदर एकदम म्हणालं, "अरे, आपण जिंकलो!" जणू त्याला ते आत्ताच कळलं होतं. सगळी रांग उधळली. कोणी कोणाच्या खांद्यावर, कोणी ढालीवर, कोणी साळिंदराला मिठी मारून बोंबलत. भालचंद्ररावांचं बोट बटणावर पडलं.

पुन्हा उभे राहा, असं ते म्हणाले नाहीत. कॅमेरा खाली घेऊन ते नुसते बघत राहिले.

घरी कालिंदीबाईंनी तो फोटो पाहिला. त्यात तपकिरी गुंता होता. एक पाय होता. ढालीचा कोपरा होता. एक उघडं तोंड होतं, ते कोणाचंही असू शकलं असतं.

"कोण आहेत हे?"

"जिंकलेले."

"हललाय फोटो."

"हो," भालचंद्रराव म्हणाले. "ती हलत होती."

कालिंदीबाईंनी तो उजेडात धरला, लांब धरला, जवळ धरला. मग त्यांनी उंबरं बाजूला सारली, उठल्या आणि तो भिंतीवर लावला. त्यांनी तो उलटा लावला होता, पण ते भालचंद्ररावांच्याही लक्षात आलं नाही.

तात्पर्य : मुलांनो, आपल्याला काय जमत नाही ते चारचौघांत मोकळ्या मनाने कबूल करावं. लोक फार चांगले असतात. आपल्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तेही हळूहळू आपापलं काम वाईट करू लागतात.