देव्हाऱ्यातला राउटर

आमच्या विट्यात नानांच्या घरी देव फ्रिजवर बसतात आणि देव्हाऱ्यात राउटर असतो. "देव कुठंबी ठिवला तरी चालतंय," नाना म्हणतात, "राउटरला उंची लागती." रोज अंघोळ झाली की ते त्याच्यावरची धूळ धुतलेल्या कापडानं पुसतात. हळदीकुंकू वाहायचं तेवढं बाकी आहे.

नाना माझे शेजारी. सत्तरीला टेकलेत, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. उभं आयुष्य दक्षिणेत सोनं गाळण्यात गेलं आणि त्या गलाईच्या धुरानं छाती कामातून गेली. त्यांचा खोकला गल्लीच्या टोकावरूनही ओळखू येतो. असा माणूस टीव्हीला गेमचं यंत्र जोडून, कानाला हेडफोन लावून फुटबॉल खेळतो, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं. पण मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, तेव्हा हाक मलाच येते.

"आवं बाई, नॅट वपन हाय का बघा!"

नॅट म्हणजे आपलं यंत्र बाहेरच्या यंत्रांशी किती मोकळेपणानं बोलू शकतं, त्याची खूण. ओपन असलं तर सगळं झकास, मॉडरेट असलं तर रडतखडत, आणि स्ट्रिक्ट असलं तर खेळ कसाबसा चालतो पण पलीकडच्याचा आवाज येत नाही. नानांना एवढं कळलं आणि त्यांनी सगळी गल्ली त्यात बसवून टाकली. पोस्टमन वपन, वायरमन मॉडरेट. मी? "तुमी स्ट्रिक्टच, बाई. पर कामाच्या." नेटवाला त्यांना लांबून बघितलं तरी गाडी वळवतो. वाय-फायवर त्यांचा भरवसा नाही, म्हणून देव्हाऱ्यापासून टीव्हीपर्यंत त्यांनी वायर ओढली आहे, तीही उंदरांच्या भीतीनं पाइपातून.

एवढं करून खेळ कसला, तर नानांचा खेळाडू मैदानात एका जागी उभा! एका रविवारी दुपारी माझं डोकं फिरलं. "नाना, तुम्हाला खेळायचं नाही, मग आवाज कशाला हवा?" त्यांनी हेडफोन माझ्या हातात दिला.

पलीकडे पोरं दंगा करत होती. "टायगर, हल की रं जरा! झोपला काय?" दुसरा वैतागून म्हणाला, "काढून टाक त्याला." पहिला हसला. "ऱ्हाऊ दे रं. नावावरनं आपल्या विट्याचा दिसतोय."

तो हसणारा नानांचा मुलगा, विशाल.

तीन वर्षांपूर्वी ह्याच खेळापायी नानांनी सगळ्या गल्लीदेखत पक्कड घेऊन नेटची वायर तोडली होती आणि पोराला नको नको ते बोलले होते. विशाल त्याच दिवशी कोइमतूरला मामाच्या दुकानात निघून गेला, नको म्हणत होता त्याच गलाईच्या धंद्यात. त्यानंतर त्यानं बापाचा फोन उचलला नाही. यंत्र इथंच राहिलं. त्याच्या एका दोस्ताकडून नानांनी त्याचं खेळातलं नाव काढून घेतलं, स्वतः 'विटा टायगर' झाले आणि परक्यासारखे त्याच्या टोळीत शिरले. माइक कायमचा बंद.

"खोकला आला तर वळखंल की त्यो," नाना म्हणाले.

मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. नॅट बघून मी घरी आले.

मध्यंतरी मी पेपर तपासायला सांगलीला गेले होते. नेमकं तेव्हाच नॅट स्ट्रिक्ट झालं. नेटवाला फिरकेना, म्हणून नानांनी स्वतःच यंत्राच्या सगळ्या सेटिंग मूळपदावर आणल्या. नॅट ओपन झालं, आणि त्याबरोबर माइकही चालू झाला. नानांच्या ते ध्यानात आलं नाही.

"खोकलो मी, बाई," मी परत आल्यावर त्यांनी सांगितलं. "पोरं हसत हुती. विशाल एकदम गप झाला."

"मग?"

"मग म्हनला, कोन हाय? हळूच म्हनला. मी काय बोल्लोच न्हाई." ते देव्हाऱ्याकडे बघत राहिले. "बोलाया पायजे हुतं का वं?"

मी यंत्र तपासलं. नॅट ओपन होतं. मित्रांच्या यादीत एकच नाव असायचं, तेही आता नव्हतं.

मी स्ट्रिक्ट, म्हणून तिथल्या तिथं सांगून टाकलं, की नाना, बिघाड लाइनीत नाही, विशालनं तुम्हाला काढून टाकलंय. त्यांनी मान हलवली. "व्हय. पर एकदा वायर बदलून बघू."

वायर बदलली. मग राउटर बदलला. प्रत्येक वेळी पक्कड माझ्या घरून न्यावी लागते, कारण ती वायर तोडल्यापासून नानांनी घरात पक्कड ठेवलेली नाही. अजूनही रविवारी दुपारी हाक येते आणि मी जाते. देव्हाऱ्यातला राउटर बंद करून पुन्हा चालू करते. नाना हेडफोन लावून रिकाम्या मैदानासमोर बसतात.

परवा माझ्या लक्षात आलं की माइक अजून चालूच आहे. बंद करू का, म्हणून विचारलं.

"आसू दे, बाई," नाना म्हणाले. "आता बोलीन म्हनतो."