दंडाचा मधला तुकडा

रविवारी सकाळी साडेनऊला ब्रदर उबाल्दोंनी मठाधिपतींच्या दंडाची, म्हणजे त्यांच्या मानाच्या काठीची, पेटी उघडली, तर मखमलीत तीनऐवजी दोनच तुकडे. वरचा वळणदार आकडा होता, खालचं टोक होतं. मधला चांदीचा दांडा नव्हता. अकरा वाजता मोंतेरावोच्या मठात नव्या मठाधिपतींचा विधी होता. बिशपांच्या हातून त्यांना अंगठी मिळणार होती, दोन टोकांची उंच टोपी मिळणार होती आणि शेवटी हा दंड.

दांडा चोरीला गेलेला नव्हता. तो कुठे आहे हे उबाल्दोंना लगेच आठवलं आणि ते पेटीशेजारीच खाली बसले. आधीचे मठाधिपती शेवटची आठ वर्षं चाकांच्या खुर्चीत होते, त्यांनी दंड कधी मागितलाच नाही. मधल्या काळात पाहुण्यांच्या खोलीतल्या पडद्याची काठी मोडली. खिडकी अरुंद, दांडा अगदी मापाचा. उबाल्दोंनी तो तात्पुरता बसवला, भिंतीला शोभावा म्हणून त्याला पांढरा रंग दिला आणि विसरून गेले.

त्याच खोलीत काल रात्री बिशप उतरले होते.

नवे मठाधिपती फादर सेवेरिनो बेचाळीस वर्षांचे, कडक. वस्त्रांचं कोठार ते कुणा तरुणाकडे सोपवणार आणि उबाल्दोंना भाजीच्या मळ्यात पाठवणार, अशी कुजबुज होती. उबाल्दोंनी एकतीस वर्षं झगे आणि टोप्या सांभाळल्या होत्या. टोमॅटोतलं त्यांना काही कळत नव्हतं.

ते शिडी घेऊन वर गेले. बिशप बनियनवर, तोंडाला साबणाचा फेस.

"पडदा धुवायला न्यायचाय, बिशपस्वामी."

"आत्ता?"

"मळलाय हो फार."

बिशपांनी पडद्याकडे पाहिलं, मग उबाल्दोंकडे पाहिलं आणि पुन्हा दाढीला लागले. उबाल्दोंनी दांडा उतरवला. खिडकी उघडी पडली.

खाली अंगणात गावचा बँड उभा होता. बिशप दिसले की सुरू करायचं, एवढंच बँडमास्तरांना सांगून ठेवलेलं होतं. कोणत्या कपड्यात दिसले की, ते कुणी सांगितलं नव्हतं. बँडमास्तरांनी हात वर केला आणि स्वागताची धून सुरू झाली. ती ऐकून मनोऱ्यातल्या माणसाने घंटेचा दोर ओढला. घंटा ऐकून लोक चर्चमध्ये जाऊन बसले, आणि लोक बसलेले पाहून फादर सेवेरिनोंनी घाईघाईने झगा चढवला. एका गालाची दाढी तशीच सोडून, फेस पुसून बिशप जिना उतरले. अकराचा विधी सव्वादहालाच सुरू झाला.

उबाल्दोंकडे वेळच उरला नाही. सुरीने खरवडून त्यांनी जमेल तेवढा रंग काढला. पडद्याच्या नऊ कड्यांपैकी आठ निघाल्या. नववी रंगात चिकटून बसली होती, ती काही हलेना. आतून बोलावणं आलं. त्यांनी तिन्ही तुकडे पिळून बसवले आणि कडीवर हात ठेवून दंड बिशपांकडे पोचवला.

दंड हातात येईपर्यंत सगळं ठीक झालं. मग फादर सेवेरिनोंनी तो पायरीवर टेकवला, रंग तडकला आणि कडी घसरून खालच्या जोडाच्या गाठीवर आली. टिंग. पुढच्या पावलाला पुन्हा टिंग. सगळ्या चर्चला फेरी मारून आशीर्वाद देताना ते वाजतच राहिले. उबाल्दो खांबाआड उभे राहून टोमॅटोच्या रोपांना पाणी किती लागतं याचा विचार करत होते.

जेवताना बिशपांचे सचिव फादर फाउस्तो कडीवरच बोलत राहिले. बिशपांच्या आणि मठाधिपतींच्या वस्त्रांचा त्यांचा वीस वर्षांचा अभ्यास होता. मेंढपाळ काठी वाजवून कळपाला बोलावत, त्याचीच ही खूण असणार, असं त्यांचं मत पडलं. त्यांनी वही काढली आणि उबाल्दोंना विचारलं, कडी साधारण कुठल्या काळातली?

खोटं बोलायचं नव्हतं. "मागच्या मठाधिपतींच्या वेळेपासून आहे," उबाल्दो म्हणाले.

"म्हणजे त्याआधीचीही असू शकेल," असं म्हणत फाउस्तोंनी ते लिहून घेतलं. बिशप मसूर आणि सॉसेज खात होते. ताट संपल्यावर त्यांनी तोंड पुसलं.

"ब्रदर, पडदा वाळला का? मला तासभर पडायचंय, आणि दुपारचं ऊन नेमकं उशीवर येतं."

फादर सेवेरिनो उठले. कोपऱ्यात टेकवलेला दंड त्यांनी घेतला, शांतपणे पिळून सुटा केला आणि मधला तुकडा उबाल्दोंच्या हातात दिला. या मठात आल्यावर पहिले तीन आठवडे त्यांनी त्याच खोलीत काढले होते.

"चार वाजता काढून आणा," ते म्हणाले. "संध्याकाळच्या प्रार्थनेला लागेल. उद्या सुताराकडून दुसरी काठी करून घ्या, कोठार तुमच्याकडेच आहे." मग त्यांनी फाउस्तोंच्या वहीकडे पाहिलं आणि आवाज थोडा खाली आणला.

"कडी मात्र आता काढू नका."