आ. भू.चा हुकूम

मुलांनो, डोळे मिटू नका, पुढचं वाचायचं आहे. पण मनातल्या मनात एक आठवडे बाजार मांडून बघा. पाटणच्या अलीकडे एक एस्टीचा थांबा आहे. थांब्यापासून ओढ्यापर्यंत उतरत जाणारी वाट आहे आणि वाटेच्या कडेनं चोवीस विक्रेते बसलेत. वर छप्पर नाही, कुणाच्या नावाची पाटी नाही. तरी दर बुधवारी प्रत्येक जण बरोबर आपल्याच दगडापाशी येऊन बसतो. आता सांगा, कुणी कुठं बसायचं हे ठरवलं कुणी असेल?

हाच प्रश्न संयोगिताबाईंनी सातवी ‘ब’ला घातला. "आर्थिक भूगोल म्हणजे काही बागुलबुवा नाही," बाई म्हणाल्या. "काय विकतात, कुठं विकतात आणि तिथंच का विकतात, एवढं शोधायचं. म्हणून आधी मोजा, मग नकाशावर मांडा आणि शेवटी माणसांना विचारा."

मुबश्शिराला मोजणं आवडलं, मांडणंही आवडलं. विचारणं मात्र तिला नको वाटलं. ती लाजाळू होती, आणि बाजारातली माणसं प्रश्न विचारला की आधी ‘तू कुणाची गं?’ असं विचारतात. त्यापेक्षा ‘तिथंच का’ हे आपणच डोकं चालवून लिहावं, असं तिनं ठरवलं. उदाहरणार्थ, तिची खाला, म्हणजे मावशी, मेहरुनबी बांगड्या घेऊन थांब्याला अगदी लागून बसायची. वहीत तिच्या नावापुढं मुबश्शिरानं झोकात लिहिलं: एस्टीतून उतरणारी गिऱ्हाइकं आधी मिळावीत म्हणून. खालाला विचारायची गरजच काय?

तिचे वडील मतीन दुकानांच्या पाट्या रंगवायचे, त्यामुळं मुबश्शिराचं अक्षरही छापल्यासारखं होतं. तिनं मोठ्या कागदावर बाजारातल्या चोवीस जिनसांची यादी केली. कोणता जिन्नस आधी, कोणता मग, असा वाद नको म्हणून ‘अ’पासून क्रमानं लिहिली. एक, अंडी. दोन, आलं-लसूण. अशी. वर लिहिलं ‘आठवडे बाजार, क्रमांक १ ते २४’ आणि खाली कोपऱ्यात विषयाचं नाव आखूड करून ‘आ. भू.’

सोमवारी संध्याकाळी रिकाम्या बाजारात जाऊन तिनं नकाशासाठी प्रत्येक जागेच्या दगडावर तांबड्या ऑइलपेंटनं आकडा घातला. थांब्यापाशी एक आणि ओढ्यापाशी चोवीस. हात मोकळे राहावेत म्हणून यादीचा कागद तेवढ्यापुरता थांब्याच्या भिंतीला चिकटवला होता. चोविसावा आकडा झाला, दिवे लागले आणि ती घरी पळाली. कागद राहिला भिंतीवरच.

आता गंमत बघा. यादीतले आकडे वेगळे आणि दगडांवरचे आकडे वेगळे. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण हे फक्त मुबश्शिराला ठाऊक होतं.

बुधवारी सकाळी सुभेदार लालासाहेब थांब्यावर आले. फौजेतून घरी येऊन पंधरा वर्षं झाली, तरी त्यांच्या गळ्यातली शिट्टी सुटली नव्हती. त्यांनी कागद वाचला, दगड पाहिले, पुन्हा कागद वाचला आणि शिट्टी मारली. ज्यानं त्यानं आपापल्या जिनसाच्या नंबरावर बसायचं, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

"कुणाचा हुकूम म्हणायचा ह्यो?" सुके बोंबील विकणाऱ्या बनुबाईंनी विचारलं.

"आ. भू. म्हंजे आयुक्त, भूमापन. वरनं आलाय."

"वरनं म्हंजे कुठनं, सुभेदार?"

"जितनं खाली येत्यात, तितनं."

अर्ध्या तासात सारा बाजार बाराखडीप्रमाणं बसला.

कांद्याशेजारी कापड आलं. झंपरचा खण निवडायला आलेल्या बायका कांद्याच्या वासानं डोळे पुसू लागल्या, आणि लांबून बघणाऱ्याला वाटलं, दुकानदार भाव फारच चढा सांगतोय. कोंबड्यांशेजारी कोथिंबीर आली. कोथिंबीरवाल्या जोतिबानं पाठ फिरवून पाणी पिईपर्यंत कोंबड्यांनी दोन पेंड्या संपवल्या. अंडीवाला बिराप्पा आजवर ओढ्याकाठी निवांत बसायचा, तो एक नंबर म्हणून थांब्याला आला. पहिली एस्टी आली, खिडकीतून जागा धरणाऱ्यांची झुंबड उडाली आणि बिराप्पाचे चार ट्रे जमिनीवर सपाट झाले.

आणि ‘ब’मध्ये बांगड्यांना लागून बोंबील आले. बनुबाईंकडं खारवलेले बांगडेही होते. एका म्हातारीनं लांबून बांगडे मागितले तर मेहरुनबी तिचा हात धरून माप घ्यायला लागली. बाकीच्या बायका वासानं नाकाला पदर लावायच्या, आणि एका हातानं नाक धरलं की उरलेल्या एकाच हातात बांगड्या भरायच्या. दुपारपर्यंत मेहरुनबीच्या गिऱ्हाइकांत दोन्ही हात भरलेली एकही बाई नव्हती.

शाळा सुटल्यावर मुबश्शिरा बाजारात आली तेव्हा खाला टोपलीला फडकं बांधत होती.

"खाला, एवढ्यात निघालीस?"

"निघाले. पुढच्या बुधवारी यायची न्हाई मी. बावीस वर्सं बसले हितं, पन आता आयुक्तालाच माझी जागा खुपतीया तर ऱ्हाऊ दे."

मुबश्शिरानं भिंतीवरचा कागद पाहिला. दगडावरचा तांबडा आकडा पाहिला. गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. पण बुधवारचा बाजार आणि त्यात खाला नाही, हे काही तिला मनात मांडता येईना. ती सरळ लालासाहेबांपुढं जाऊन उभी राहिली.

"आवं आजोबा, त्यो हुकूम न्हाई. त्यो माझा कागद हाय."

"आणि आ. भू.?"

"आर्थिक भूगोल."

सुभेदारांनी हळू आवाजात विचारलं, "हुद्दा?"

"सातवी ब."

"लय खालनं आला की गं हुकूम," असं म्हणून त्यांनी शिट्टी तोंडाला लावली. पण ती वाजवायची वेळच आली नाही. जवळच्यांनी ऐकलं होतं, त्यांनी पुढच्यांना सांगितलं, आणि दहा मिनिटांत बाजार आपोआप जुन्या जागी जाऊन बसला. जाता जाता बरेच जण मुबश्शिराला ऐकवत गेले. जोतिबा म्हणाला, कोंबड्यांपासून दहा हात लांब का बसतो ते आता कळलं का? बिराप्पानं सांगितलं, अंड्याला गर्दी सोसत नाही. बनुबाई म्हणाल्या, वारा ओढ्याकडं वाहतो म्हणून मी खाली बसते, पोरी, मला काय नाक न्हाई? जे विचारायला ती लाजत होती, ते आता न विचारताच तिच्या पदरात पडत होतं. तिनं मुकाट्यानं दप्तरातून वही काढली आणि लिहून घेतलं.

फक्त चप्पल शिवणारा वजीर आणि चाकूला धार लावणारा बाळासो आपल्या नव्या जागा सोडायला तयार नव्हते. वजीरच्या चामडं कापायच्या रापीला दिवसभर फुकट धार मिळाली होती आणि बाळासोची वहाण शिवून झाली होती.

खालानं पुन्हा थांब्यापाशी टोपली उतरवली. तिच्या नावापुढचं उत्तर वहीत आधीच झोकात लिहिलेलं होतं. तरी मुबश्शिरा तिच्याजवळ उकिडवी बसली.

"खाला, तू हितंच का गं बसतीस? गिऱ्हाईक आधी मिळावं म्हणून ना?"

खाला हसली. "कशाचं गिऱ्हाईक? पयल्या दिवशी एस्टीतनं उतरले, टोपली लय जड हुती. हितंच ठिवली."

मुबश्शिरानं आपलं जुनं उत्तर खोडलं नाही. त्याच्या खाली तिनं लिहिलं, ‘टोपली जड होती.’ मग उठून दोन नंबरच्या दगडाकडं गेली आणि तिथल्या माणसानं तोंड उघडायच्या आत म्हणाली, "मी मतीन पेंटरची. आता तुमी सांगा."